दूत आणि दुभाषी : किशोरांनी चालविलेल्या पर्यावरणशिक्षणाची भाषिक समीक्षा

१

चौदा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याहून लहान मुलांना निसर्गाची व परिसराची ओळख करून द्यावी, ही कल्पना आज जगाच्या अनेक भागांत रूढ झालेली आहे. कोठे ती निवासी शिबिरांच्या रूपाने नांदते, कोठे शाळेतील निसर्गमंडळाच्या रूपाने, तर कोठे एखाद्या दिनविशेषापुरती उभी राहते व त्याच दिवशी मावळते. ह्या उपक्रमांविषयी जे लेखन होते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एकात कौतुक असते, दुसऱ्यात आकडे असतात. किती मुले सहभागी झाली, किती रोपे लावली, किती जणांनी शपथ घेतली, ह्याची नोंद होते. परंतु मोठ्या मुलाने लहान मुलाला नेमके काय सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, आणि लहान मुलाने उलट काय विचारले, ह्याची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः हा सारा व्यवहार प्रथम भाषेचा व्यवहार आहे. रोप लावणे हे कृत्य असले, तरी ते का लावावयाचे हे सांगणे हे बोलणे आहे. आणि शिक्षण त्या बोलण्यात घडते अथवा बिघडते.

किशोर मार्गदर्शकाचे महत्त्व कशात आहे? त्याचे ज्ञान शिक्षकाहून कमी असते, त्याचा अनुभव तोकडा असतो, त्याला वर्ग सांभाळण्याची सवय नसते. तरीही त्याच्यापाशी अशी एक गोष्ट असते, की जी शिक्षकापाशी सहसा उरलेली नसते. तो लहानांच्या भाषेतून नुकताच बाहेर पडलेला असतो आणि मोठ्यांच्या, ग्रंथांच्या भाषेत नुकताच शिरत असतो. दोन्ही भाषा त्याला येतात व दोन्हींतील अंतर त्याला अजून जाणवते. ह्या अर्थाने तो दुभाषी आहे. परंतु उपक्रमांचे योजक त्याला पुष्कळदा दुसरीच भूमिका देतात. ती म्हणजे दूताची. दूत दुसऱ्याचा निरोप पोहोचवितो. त्यात आपले काही मिसळू नये हीच दूताकडून अपेक्षा असते. दुभाष्याला मात्र प्रत्येक वाक्य आधी स्वतःला समजून घ्यावे लागते, नाही तर त्याचे काम पहिल्याच वाक्याला अडते. किशोर मार्गदर्शकाला दूत केले की ज्या गुणासाठी त्याची योजना केली तोच गुण निकामी होतो, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२

मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकविणे ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडील पंतोजींच्या शाळांत वरच्या इयत्तेतील मुले खालच्यांना धुळाक्षरे गिरवावयास लावीत. ह्या प्रथेला पद्धतीचे रूप मिळाले ते मात्र एका परकीयाच्या हातून. अँड्र्यू बेल हे मद्रास येथील लष्करी अनाथालयातील मुलांच्या शाळेचे प्रमुख असताना, जवळच्या एका देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढीत असल्याचे त्यांच्या पाहण्यात आले. आपल्या शाळेतील शिक्षक ही रीत स्वीकारीनात, तेव्हा त्यांनी एका लहान मुलाकडेच ते काम सोपविले. ह्या प्रयोगाचा वृत्तान्त त्यांनी १७९७ साली लंडन येथे प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर ह्यांनी लंडनमध्ये आपली शाळा सुरू केली व तीत त्याच तऱ्हेची पद्धती वाढविली. १८२२ साली मुंबईत देशी शिक्षणासाठी जी संस्था स्थापन झाली, तिच्या शाळांतूनही लँकेस्टर ह्यांच्या पद्धतीचा अवलंब करण्याचे प्रयत्न झाले.

ह्या पद्धतीचे यश आणि अपयश ही दोन्ही येथे लक्षात घेण्याजोगी आहेत. एक शिक्षक शेकडो मुलांना शिकवू शकतो, तेही अल्प खर्चात, हे तिचे आकर्षण होते. परंतु नायक-विद्यार्थ्याने सकाळी जे घोकले तेच दुपारी त्याने खालच्या रांगेकडून घोकून घ्यावयाचे, एवढेच त्याचे काम होते. प्रश्नही ठरलेले आणि उत्तरेही ठरलेली. अर्थाची जबाबदारी त्याच्यावर नव्हतीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धती मागे पडली, तिचे एक कारण हे यांत्रिकपण होय. पदरी शिक्षक नसले म्हणजे स्वस्तातला पर्याय म्हणून मुलांना पुढे करावयाचे, आणि त्यांच्या तोंडी तयार वाक्ये घालावयाची, हा मोह तेव्हापासूनचा आहे. पर्यावरणशिक्षणात तो आज नव्या पोशाखात दिसतो.

३

ह्याच्या उलट टोकाचे एक उदाहरण अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडते. तेथील मल्टनोमा परगण्यात १९६६ पासून ‘आउटडोअर स्कूल’ नावाचा उपक्रम चालत आला आहे. सहावीच्या इयत्तेतील मुले काही दिवसांसाठी वनातील निवासी तळावर जातात. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी ह्या चार विषयांचा क्षेत्राभ्यास तेथे होतो. ह्या मुलांसोबत राहणारे, त्यांच्या झोपण्याजेवण्याची काळजी घेणारे आणि क्षेत्राभ्यासात त्यांना शिकविणारे जे स्वयंसेवक असतात, ते माध्यमिक शाळांतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी असतात. त्यांना आधी प्रशिक्षण दिले जाते आणि अनुभवी प्रौढ शिक्षक तळावर त्यांच्या पाठीशी असतात. ह्या उपक्रमाची लोकांतील प्रतिष्ठा केवढी आहे हे २०१६ साली दिसून आले. त्या वर्षी झालेल्या सार्वमतात राज्यातील मतदारांनी मोठ्या बहुमताने असा कायदा मंजूर केला, की पाचवी किंवा सहावीतील प्रत्येक मुलाला अशा शाळेची संधी मिळावी ह्यासाठी राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून वर्षाला कमाल २ कोटी २० लाख डॉलर राखून ठेवावेत.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ह्या उपक्रमातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे तेथील नावांची चाल. तळावर आलेले किशोर स्वयंसेवक व शिक्षक आपली खरी नावे बाजूला ठेवतात आणि एखादे टोपणनाव धारण करतात. पुष्कळदा ते एखाद्या झाडाचे, पक्ष्याचे वा निसर्गातील अन्य वस्तूचे असते. लाकडाच्या गोल चकतीवर ते लिहून गळ्यात अडकविले जाते. वरवर पाहता हा खेळ आहे. परंतु इंग्रजी भाषेची घडण ध्यानात घेतली म्हणजे ह्या खेळाचे प्रयोजन उलगडते. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आज राहिलेला नाही. त्यामुळे वडीलकी दाखविण्याचे काम तेथे आडनावामागे लागणाऱ्या उपाधीवर येऊन पडते. उपाधी लावली तर शाळेचा वर्ग पुन्हा उभा राहतो. नुसते नाव घेतले तर मार्गदर्शक बरोबरीचा सोबती होऊन जातो. तळावरील टोपणनाव हे ह्या दोहोंमधील तिसरे स्थान निर्माण करते. तो सवंगडी नव्हे आणि गुरुजीही नव्हे. विचारावयास सोपा, पण ऐकावयास योग्य, असा तो कोणी एक होतो.

जे स्थान इंग्रजीला टोपणनावाची योजना करून निर्माण करावे लागले, ते मराठीत आयतेच आहे. ‘ताई’ आणि ‘दादा’ ही ती संबोधने होत. मराठी मूल शाळेत “बाई, तुम्ही सांगा ना” असे म्हणते. परंतु “ताई, तू सांग ना” असे म्हणताना आदर न सोडता ते एकेरीवर येऊ शकते. घराघरांतून व प्रदेशाप्रदेशांतून ह्या चालीत फरक आहे आणि ‘ताई’लाही ‘तुम्ही’ म्हणणारी घरे पुष्कळ आहेत, हे खरे. तथापि वडीलकी आणि जवळीक एकाच शब्दात नांदविण्याची सोय मराठीत आहे, ह्यात शंका नाही. प्रश्न विचारणे हे ज्या शिक्षणाचे मर्म आहे, तेथे ही सोय सामान्य नव्हे. चुकीचा प्रश्न ताईला विचारला तर हसे होण्याचे भय कमी असते. असे असता, आठवीनववीतल्या मुलीला ‘पर्यावरणदूत’ असा बिल्ला लावून व्यासपीठावर उभे केले जाते, तेव्हा भाषेने दिलेले हे स्थान आपणच काढून घेतो, हे योजकांच्या लक्षात येत नाही.

४

किशोराला दुभाषी म्हणणे ही केवळ अलंकारिक उक्ती नव्हे. ऐकणारा पाहून बोलणे बदलण्याची शक्ती मुलांत फार लवकर येते. मॅरिलिन शात्झ आणि रोशेल गेलमन ह्या संशोधिकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की चार वर्षांची मुलेही दोन वर्षांच्या मुलांशी बोलताना आपली वाक्ये आखूड व सोपी करतात आणि लक्ष वेधून घेणारे शब्द अधिक वापरतात; समवयस्कांशी वा प्रौढांशी बोलताना ती तसे करीत नाहीत. जे चार वर्षांच्या मुलाला साधते ते सोळा वर्षांच्या मुलाला शिकवावे लागत नाही. त्याला फक्त तसे करण्याची मोकळीक असावी लागते. हातात छापील मजकूर देऊन तो जसाच्या तसा म्हणावयास लावले, की ही उपजत शक्ती थिजते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) ह्यांनी मुलाच्या विकासाविषयी जे मत मांडले त्याचाही येथे उपयोग होतो. मूल एकट्याने जे करू शकते आणि दुसऱ्याच्या साहाय्याने जे करू शकते, ह्या दोहोंमधील प्रदेशातच शिक्षणाचे खरे कार्य चालते, असे त्यांचे म्हणणे. हे साहाय्य करणारा प्रौढच असला पाहिजे असे त्यांनी म्हटले नाही. अधिक समर्थ असा सोबतीही ते करू शकतो. शिवाय ह्या व्यवहारात लाभ एकाच बाजूला होत नाही. कोहेन व कुलिक दांपत्य ह्यांनी १९८२ साली शालेय पातळीवरील विद्यार्थी-शिकवणीच्या ६५ मूल्यमापनांचा एकत्रित परामर्श घेतला, तेव्हा शिकणाऱ्यांप्रमाणे शिकविणाऱ्या विद्यार्थ्यांचीही त्या विषयातील प्रगती झाल्याचे आढळून आले. ह्याचे कारण भाषेत शोधता येते. एखादी संकल्पना दुसऱ्याच्या शब्दांत मांडू पाहिल्याखेरीज आपल्याला ती कळलेली नाही हे कळत नाही. पाठ केलेले वाक्य उच्चारताना हा शोध लागत नाही. ते वाक्य मोडून पुन्हा जुळविताना लागतो.

५

आता हा विचार मराठी पर्यावरणशिक्षणाला लावून पाहावयास हवा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले व २००३ साली त्यांच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा केला. २००१-०२ पासून केंद्र शासनाच्या ‘राष्ट्रीय हरित सेना’ ह्या योजनेखाली शाळाशाळांतून साधारण ३० ते ५० विद्यार्थ्यांची मंडळे स्थापन होऊ लागली. विषय आला, पुस्तके आली, मंडळेही आली. त्यांबरोबर एक विशिष्ट भाषाही आली.

तिचा पहिला विशेष नावातच दिसतो. महाराष्ट्रात प्राथमिक इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांना ‘परिसर अभ्यास’ हे नाव दीर्घकाळ होते. उच्च माध्यमिक वर्गांच्या पुस्तकाचे नाव मात्र ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असे झाले. आठ वर्षांच्या मुलाला ‘परिसर’ आणि सोळा वर्षांच्या मुलाला ‘पर्यावरण’, अशी ही विभागणी आहे. दोन्ही शब्द संस्कृतोद्भव असले तरी त्यांची वस्ती निराळी आहे. ‘परिसर’ म्हणताच कोणाचा तरी परिसर असे मनात येते: शाळेचा, देवळाचा, विहिरीचा. ‘पर्यावरण’ कोणाचेच नसते. ते सर्वत्र असते आणि म्हणून कोठेच हाताला लागत नाही. किशोर मार्गदर्शक ह्या दोन शब्दांच्या मधोमध उभा आहे. आपण जे ‘पर्यावरण’ म्हणून शिकत आहो, ते ह्या लहानग्यांच्या ‘परिसरा’त कोठे आहे, हे दाखविणे हेच त्याचे काम.

पाण्याचे उदाहरण घेतले तर ह्या कामाचे स्वरूप स्पष्ट होईल. पुस्तकात ‘भूजल’, ‘पुनर्भरण’, ‘अपधाव’ असे शब्द येतात. शास्त्रीय लेखनाला ते आवश्यक आहेत व त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु त्याच प्रक्रियांसाठी मराठीत क्रियापदांची एक भरघोस माळ आहे: पाणी साचते, तुंबते, जिरते, मुरते, झिरपते, पाझरते, ओसरते, आटते. ह्यांतील प्रत्येक क्रियापद पाण्याची निराळी गती सांगते. जमिनीवर पडलेले पाणी जिरते. आत गेलेले मुरते. फटीतून हळूहळू उतरते तेव्हा झिरपते. आणि दुसरीकडे बाहेर डोकावते तेव्हा पाझरते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असल्यामुळे येथील पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला मुरूम, काळा पाषाण, झरा, बोअर हे शब्द ठाऊक असतात. ‘पुनर्भरण’ ह्या एका नामाच्या पोटी जिरणे-मुरणे-झिरपणे ही क्रियांची साखळी दडलेली आहे, हे जो मोठा मुलगा लहानांना उलगडून दाखवील त्याने दुभाष्याचे काम केले असे म्हणावे. दोन्ही बाजूंना उघडा असा पत्र्याचा डबा एकदा गवताळ जमिनीत आणि एकदा तुडविलेल्या वाटेवर थोडा रोवून, दोन्हींत सारखेच पाणी ओतावे व ते जिरावयास किती वेळ लागतो हे मोजावे. एवढ्याने शब्द, वस्तू आणि संख्या ही तिन्ही मुलाच्या हाती येतात.

ह्याच संदर्भात एका प्रचलित घोषणेकडे पाहणे उद्‌बोधक होईल. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ह्या घोषणेतील दोन्ही क्रियापदे प्रयोजक आहेत. पाणी आपोआप अडत वा जिरत नाही, तर कोणाला तरी ते अडवावे व जिरवावे लागते, हे सारे ज्ञान त्या एका प्रत्ययात साठलेले आहे. पण घोषणा म्हणून शंभर वेळा ओरडल्यावर हा प्रत्यय ऐकूच येत नाही. उलट ‘जिरवणे’ म्हटल्यावर लहान मुलाला भांडणातली जिरवाजिरवी आठवली, तर त्यात त्याचा दोष नाही. मार्गदर्शकाने तेथे थांबून “जिरणं म्हणजे काय? जिरवणं म्हणजे काय?” असे विचारले, की घोषणेचे पुन्हा वाक्य होते. न थांबता मिरवणूक पुढे गेली, तर ते वाक्य कायमचे घोषणाच राहते.

पर्यावरणविषयक गद्याचा दुसरा विशेष म्हणजे कर्त्याचा लोप. ‘प्रदूषण होते’, ‘वृक्षतोड केली जाते’, ‘भूजलपातळी खालावते’, ‘जैवविविधतेचा ऱ्हास होतो’. ह्या वाक्यांत क्रिया आहे, पण ती करणारा नाही. क्रियेचे नाम बनवावयाचे आणि त्याला ‘होणे’ जोडावयाचे, ही लकब शासकीय मराठीतून पाठ्यपुस्तकात उतरली असावी. एम. ए. के. हॅलिडे ह्यांनी १९९० साली थेसालोनिकी येथील व्याख्यानात असे प्रतिपादिले, की भाषेचे व्याकरणच निसर्गाविषयी आपले ग्रह घडवीत असते. पाणी, माती, तेल ही नामे इंग्रजीत अगणनीय असल्यामुळे ह्या वस्तू जणू अमर्याद आहेत असा ग्रह होतो. आणि कर्तेपण सजीवांकडे, विशेषतः माणसाकडे, राखून ठेवल्यामुळे बाकीची सृष्टी निष्क्रिय भासते. ह्यांतील पहिला मुद्दा मराठी ‘पाणी’ला बव्हंशी लागू पडतो. दुसरा मात्र जपून घ्यावा लागेल. कारण मराठीत सजीव-निर्जीव असा भेद सर्वनामांत नाही. नदी ‘ती’ आहे, डोंगर ‘तो’ आहे, झाड ‘ते’ आहे आणि मूलही ‘ते’च आहे. मराठीतील अडचण ही, की निसर्गाची हानी सांगताना माणूसच वाक्यातून नाहीसा होतो. लहान मुलाचा स्वाभाविक प्रश्न “कोण तोडतं?” हा असतो. तो प्रश्न म्हणजे लुप्त कर्त्याचा शोध होय. किशोर मार्गदर्शकाने ह्या प्रश्नाला उत्तर द्यावे की नाही, द्यावे तर कोणते, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.

जेथे कर्ता येतो तेथे तो बहुधा ‘आपण’ असतो. ‘आपण पाणी वाया घालवतो’, ‘आपण निसर्गावर अत्याचार करतो’. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा एक मोलाचा भेद आहे. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. इंग्रजीसारख्या भाषेत हा भेद सर्वनामात नाही. त्यामुळे तेथील ‘आपण’ संदिग्ध राहू शकतो. मराठीतला ‘आपण’ मात्र निश्चितपणे श्रोत्याला आत घेतो आणि म्हणून दोषातही वाटेकरी करतो. आता असे कल्पावे, की उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या गावात पंधरा वर्षांची मुलगी दहा मुलांसमोर उभी आहे आणि छापील पत्रकातून “आपण रोज किती पाणी वाया घालवतो!” हे वाक्य वाचून दाखवीत आहे. समोरच्या मुलांच्या आया पहाटे हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. तीही स्वतः उभी होती. हे वाक्य तिच्यासाठी खोटे आहे, ऐकणाऱ्यांसाठी खोटे आहे, आणि तरीही शिक्षणाच्या नावाने ते म्हटले जात आहे. अशा वेळी मूल दोनांपैकी एक गोष्ट शिकते. एक तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, किंवा पुस्तकाच्या भाषेवर विश्वास ठेवू नये. दोन्ही धडे घातक आहेत. त्या मुलीला वाक्य बदलण्याची मुभा असती, तर तिने कदाचित विचारले असते, “आपल्याकडे पाणी कुठून येतं? ते तिथे कुणाला किती मिळतं?” येथेही ‘आपण’ आहेच, परंतु तो खरा आहे.

६

किशोरांच्या सहभागाविषयी आंतरराष्ट्रीय चर्चेत रॉजर हार्ट ह्यांच्या १९९२ च्या निबंधाचा उल्लेख वारंवार येतो. मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी त्यांनी मांडली व तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणण्याचेच नाकारले. मुलांना हवे तसे वापरणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलू देणे, ह्या त्या तीन पायऱ्या. ही वर्गवारी उपयुक्त आहे; तथापि ती मुख्यतः निर्णय कोणी घेतला ह्याकडे पाहते, वाक्य कोणाचे होते ह्याकडे पाहत नाही. एखाद्या उपक्रमाची तारीख, जागा, कार्यक्रम हे सारे मुलांनी ठरविले असेल आणि तरीही त्यांच्या तोंडचे प्रत्येक वाक्य उसने असेल, हे सहज संभवते. उलट सर्व आखणी शिक्षकाची असूनही बोलणे मुलाचे स्वतःचे असू शकते. ऑरेगनमधील शिबिराचा अभ्यासक्रम प्रौढच ठरवितात. पण ओढ्याकाठी दगड उलटा करून त्याखालचा किडा दाखविताना सोळा वर्षांचा मुलगा जे बोलतो ते त्याला त्या क्षणी जुळवावे लागते. म्हणून हार्ट ह्यांच्या शिडीला भाषेच्या कसोटीची जोड द्यावयास हवी.

येथे उलट बाजूही मांडली पाहिजे. दुभाषी चुकतो. किशोरांच्या ज्ञानात भ्रम असतात व ते सोप्या भाषेत सांगितले म्हणजे अधिक पक्के बसतात. ओझोनच्या थरातील छिद्रातून ऊन आत येते म्हणून पृथ्वी तापते, हा समज अनेक देशांतील विद्यार्थ्यांत आढळलेला आहे. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, ही समजूत आपल्याकडे मोठ्यांतही आहे. ताईने सांगितले म्हणून लहान मूल ते निःशंकपणे स्वीकारते. ज्या जवळिकीमुळे प्रश्न सुलभ होतो, तिच्यामुळेच चूकही सुलभ होते. दुसरा धोका भीतीचा आहे. डेव्हिड सोबेल ह्यांनी १९९६ साली असा इशारा दिला, की अगदी लहान वयात पृथ्वीवरील संकटांच्या कथा ऐकविल्यास निसर्गाविषयी ओढ वाटण्याऐवजी धास्ती निर्माण होते. चौथीच्या आतील मुलांना तरी अशा शोकांतिका सांगू नयेत. हवामानबदलाविषयी किशोरांना आज वाटणारी चिंता खरी आहे व तिचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. परंतु ती सात वर्षांच्या मुलाच्या हाती तशीच्या तशी सोपविणे न्याय्य नव्हे. ह्या दोन्ही कारणांसाठी जवळ एक जाणता शिक्षक असणे अगत्याचे आहे. त्याने मध्ये बोलू नये. मागाहून मार्गदर्शकाबरोबर बसून आज काय सांगितले, त्यातले काय निसटले, ह्याची उजळणी करावी. छापील मजकूर हे चुकीवरचे औषध नव्हे. त्याने चूक टळते, पण समजही टळते.

आणखी एक आक्षेप असा घेता येईल, की घोषणेलाही समाजात स्थान आहे. लोकजागृतीचे कार्य घोषणांवाचून झालेले नाही. हे मान्य केले पाहिजे. घोषणा आधी जाणलेले एकवटते. ती जाणीव निर्माण करीत नाही. ज्याने पाणी जिरताना पाहिले आहे त्याने ‘पाणी जिरवा’ म्हणावे. क्रम उलटा झाला, की घोषणेची सवय लागते व वस्तूची ओळख राहून जाते. ‘सेना’, ‘मोहीम’, ‘अभियान’, ‘शपथ’, ‘दूत’ ह्या शब्दांचा एकत्रित विचार केला, तर ही सगळी परिभाषा आज्ञेच्या व्यवहारातून आलेली आहे असे दिसते. सैनिकाने हुकूम का दिला असे विचारावयाचे नसते. आणि ‘का’ हा तर लहान मुलाचा आवडता शब्द असतो.

७

ह्या विवेचनातून शिक्षणयोजकांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. किशोर मार्गदर्शकाच्या हाती तयार भाषण न देता वस्तू द्यावी: पान, माती, पाण्याचा डबा, गावाचा नकाशा. प्रशिक्षणात त्याला एकच संकल्पना तीन वयांच्या श्रोत्यांना सांगावयास लावावी. लहान मुलांनी वापरलेले स्थानिक शब्द त्याने टिपून ठेवावेत. टाकळ्याला विदर्भात कोणी तरोटा म्हणाले, तर ते दुरुस्त करण्याऐवजी दोन्ही नावे फळ्यावर लिहावीत. कारण त्या दुसऱ्या नावाबरोबर त्या भाजीची, तिच्या हंगामाची आणि ती कोठे उगवते ह्याची माहितीही येते. ‘आपण’ ह्या शब्दाने सुरू होणारे प्रत्येक वाक्य उच्चारण्यापूर्वी ते समोरच्या मुलांना खरे लागते का, एवढे त्याने स्वतःला विचारावे.

विद्यापीठीय अभ्यासालाही येथे वाव आहे. मराठीत बालकांना उद्देशून बोलल्या जाणाऱ्या भाषेचा अभ्यास करावयाचा तर मातांच्या बोलण्याइतकेच ताई-दादांचे बोलणेही अभ्यासले पाहिजे. एकाच विषयावर शिक्षक, पाठ्यपुस्तक आणि किशोर मार्गदर्शक ह्यांची वाक्ये शेजारी ठेवून नामे किती व क्रियापदे किती, कर्ता किती ठिकाणी व्यक्त आहे, प्रश्न कोणी किती विचारले, ‘आपण’ कोणाकोणाला सामावतो, ह्यांची मोजदाद करता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका शैक्षणिक वर्षात पार पाडता यावे असे हे काम आहे. त्यासाठी संबंधित मुलांची, पालकांची व शाळेची अनुमती आणि एक साधे ध्वनिमुद्रणाचे साधन पुरेसे होईल. लावलेल्या रोपांची संख्या उपक्रमाच्या अहवालात येतच राहील. परंतु उपक्रम सफल झाला की नाही ह्याचे अधिक विश्वसनीय गमक दुसरे आहे. लहान मुलाने ताईला किती प्रश्न विचारले, आणि त्यांतील किती प्रश्नांपाशी तिला आपले पाठ केलेले वाक्य सोडून नवे वाक्य शोधावे लागले, हे ते गमक होय.